सिझरनंतर नॉर्मल डिलिव्हरी आणि ‘पिशवी फाटेल का?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलं सिझर झालंय, आता परत दिवस गेलेत, नॉर्मलची इच्छा आहे, असे जेवढे मेसेज येतात ते सगळे फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबतात: कळा चालू असताना आतला टाका फाटला तर? दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा सगळं इथे एकत्र लिहून ठेवलंय. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर नंबर दिलाय, तिकडे जा. आणि हे वाचून डॉक्टरांशी बोलायला जायचंय, हे वाचलं म्हणून बोलणं टाळायचं नाहीये.

१. पिशवी फाटते म्हणजे नक्की होतं काय? टाके तुटतात का?

टाके नाही तुटत, शिवलेला दोरा तर केव्हाच विरघळून गेलेला असतो. सिझरमध्ये गर्भपिशवीला दिलेला काप भरून येतो पण तिथे पूर्वीसारखा स्नायू येत नाही, बराचसा व्रण असतो. कळा आल्या की पिशवीचा वरचा जाड भाग आवळतो आणि खालचा भाग ताणून पातळ होत जातो, आणि व्रण नेमका त्या खालच्या भागात, म्हणून भीती.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे उसवणं. व्रण आतून थोडा सुटतो पण बाहेरचं पातळ आवरण शाबूत राहतं, रक्तस्राव नाही, बाळाला काही नाही, पुष्कळदा दुसऱ्या सिझरच्या वेळी पोट उघडल्यावरच डॉक्टरांना दिसतं की अरे इथे तर कागदासारखं झालंय. दुसरं म्हणजे फाटणं, आरपार, त्यात रक्त जातं, बाळाचा प्राणवायू कमी पडतो, कधी बाळ किंवा वार पोटात सरकते. इमर्जन्सी ही दुसरी. खाली सगळीकडे ‘फाटणं’ म्हणजे हीच.

२. शक्यता किती आहे, खरा आकडा सांगा

आधी एकच सिझर, पिशवीवरचा काप खाली आणि आडवा, तर २०० जणींमध्ये साधारण एकीची फाटते. वेगवेगळ्या अभ्यासांत ०.५ ते ०.९ टक्के असं येतं. अमेरिकेतल्या मोठ्या हॉस्पिटलांचा एक अभ्यास २००४ मध्ये आला होता, त्यात १७,८९८ बायकांनी सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न केला आणि १२४ जणींची पिशवी फाटली, म्हणजे ०.७ टक्के.

पण हा सरासरी आकडा तुम्ही स्वतःला तसाच चिकटवू नका. त्याच अभ्यासात ज्यांना कळा आपोआप आल्या आणि औषध लागलंच नाही त्यांच्यात ०.४ टक्के, मध्येच कळा वाढवायचं औषध लागलं त्यांच्यात ०.९ आणि ज्यांच्या कळा औषधाने सुरू केल्या त्यांच्यात १ टक्का. म्हणजे प्रश्न ‘किती टक्के’ हा नाहीच, ‘माझ्यासारख्या बाईला किती टक्के’ हा आहे, आणि ते ठरतं काप कुठला (प्रश्न ४), मधलं अंतर किती (प्रश्न ९) आणि कळा कशा येतात (प्रश्न ११) यावर.

३. मग रिस्कच नको ना, सरळ दुसरं सिझर करून टाकलं तर?

करता येतंच, आणि तो काही घाबरट निर्णय नाही, मी कुणाला त्यावरून बोलले तर मला खुशाल सुनवा. ठरवून केलेल्या सिझरमध्ये पिशवी फाटायची शक्यता १०,००० मध्ये २-३ इतकीच राहते. पण ‘रिस्कच नको’ हे मात्र खरं नाही, रिस्क बदलते.

आईच्या मृत्यूचा आकडा दोन्हीकडे अगदी छोटा आहे, पण तो नॉर्मलच्या प्रयत्नात लाखात ४ च्या आसपास आणि ठरवून केलेल्या सिझरमध्ये लाखात १३ च्या आसपास येतो. बाळाच्या बाजूने बघाल तर उलट, कळांमध्ये बाळ दगावण्याची शक्यता ठरवलेल्या सिझरपेक्षा नॉर्मलच्या प्रयत्नात थोडी जास्त, पण ती साधारण कुठल्याही पहिलटकरणीच्या बाळाला असते तेवढीच. सिझरच्या बाळांना पहिले एक-दोन दिवस धाप लागायचं प्रमाण मात्र जास्त.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, पुढची बाळंतपणं. प्रत्येक सिझरनंतर वार जुन्या व्रणात रुतून बसायची शक्यता वाढत जाते. वार खाली, पिशवीच्या तोंडावर असेल तर दुसऱ्या सिझरच्या वेळी ती रुतलेली असण्याची शक्यता ११ टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के अशी एका मोठ्या अभ्यासात दिसली, आणि रुतलेली वार म्हणजे पुष्कळदा पिशवीच काढावी लागते. हे शेवटचंच मूल असेल तर या गोष्टीचं वजन कमी, अजून दोन हवी असतील तर खूप जास्त. म्हणून निर्णय घेताना आधी स्वतःला हे विचारा की अजून किती मुलं हवीत.

४. माझ्या पोटावरचा टाका आडवा आहे, म्हणजे आतलाही आडवाच ना?

नाही! हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यातच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. कातडीवरचा काप आणि पिशवीवरचा काप या दोन वेगळ्या गोष्टी. बाहेर बिकिनी लाइनवर सुंदर आडवी रेघ आणि आत उभा काप असं असू शकतं, आणि बाहेर उभा व आत आडवा हेही असतं.

आत खालच्या भागात आडवा असेल तर वरचे आकडे लागू. वरच्या जाड भागात उभा काप असेल, ज्याला क्लासिकल म्हणतात, किंवा उलट्या टी अक्षरासारखा असेल तर शक्यता ४ ते ९ टक्के धरतात आणि नॉर्मलचा प्रयत्न करू देत नाहीत, कारण हा काप कळांच्या आधीसुद्धा फाटू शकतो. खालच्याच भागात पण उभा असेल तर मधला मामला, डॉक्टर-डॉक्टरांत मतं वेगळी.

जाता जाता, ‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. ते १९१६ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनी लिहिलं, आणि त्या काळात जवळपास सगळी सिझरं वरच्या उभ्या कापानेच व्हायची. शिवाय त्यांचा मुद्दा होता की पहिलंच सिझर उगाच करू नका. खालचा आडवा काप १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मनरो कर यांनी लावून धरला आणि मग हळूहळू सगळीकडे रूढ झाला. काप बदलला पण वाक्य शंभर वर्षं तसंच फिरतंय.

५. पण आतला काप कुठला होता हे मला कसं कळणार? कागदच नाहीत

डिस्चार्जच्या कागदावर पुष्कळदा फक्त ‘सिझर झालं’ एवढंच असतं, ते पुरत नाही. ऑपरेशन नोट नावाचा वेगळा कागद असतो, तो मागा, जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्डला अर्ज करा, दिवस गेल्या गेल्या करा, नवव्या महिन्यात धावपळ करू नका. त्यात तीन गोष्टी बघायच्या: पिशवीवर काप कुठे दिला, बाळ काढताना तो वर किंवा बाजूला फाटत गेला का, आणि किती थरांत शिवला. एका थरात शिवल्याने व्रण कच्चा राहतो का यावर अभ्यासांचं एकमत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका, पण माहिती म्हणून दाखवा.

कागद मिळालाच नाही तर सिझर का आणि कितव्या आठवड्यात झालं त्यावरून अंदाज बांधतात. पूर्ण दिवस भरलेलं बाळ, डोकं अडकलं किंवा ठोके कमी झाले म्हणून सिझर, तर आत बहुतेक आडवाच काप असणार. २६-२७ आठवड्यांचं बाळ, बाळ पूर्ण आडवं, खालच्या भागात मोठी गाठ, असं काही असेल तर उभ्या कापाची शंका घ्यायलाच हवी. नुसते कागद नाहीत एवढ्यासाठी नॉर्मलचा प्रयत्न नाकारलाच पाहिजे असं नाही.

६. फाटली तर कळतं कसं? खूप दुखतं का?

सगळ्यांना वाटतं की काहीतरी फाडकन फाटल्यासारखं वाटेल आणि बाई किंचाळेल. तसं होतंही कधीकधी पण त्याची वाट बघत बसू नये. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा बदलतात ते बाळाचे ठोके, दहापैकी साधारण सात वेळा पहिली खूण तीच असते. म्हणून सिझरनंतरच्या कळांमध्ये पोटाला मशीनचा पट्टा सतत लावून ठेवतात, मला माहितीये तो नकोसा होतो, फिरता येत नाही, पण यात सूट मागू नका. बिनवायरचं मशीन असेल तर विचारा, त्यात उठून चालता येतं.

बाकी खुणा म्हणजे कळ ओसरली तरी टाक्याच्या जागी दुखणं न थांबणं, चांगल्या चाललेल्या कळा एकदम बंद पडणं, खाली आलेलं बाळाचं डोकं परत वर जाणं, अंगावरून लाल रक्त, लघवीत रक्त, नाडी जोरात, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं. यातली एखादी गोष्ट एकटी असली तर दुसरं कारणही असू शकतं, पण सांगायची लगेच, ‘उगाच त्रास कशाला’ म्हणून गप्प राहायचं नाही.

७. एपिड्युरल घेतलं तर दुखणं कळणारच नाही ना?

जुनी भीती आहे. एपिड्युरल म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून दिलेलं औषध. घेता येतं. वर म्हटलं तसं पहिली खूण बहुतेक वेळा मशीनवर दिसते, दुखण्यावर नाही, आणि फाटण्याचं दुखणं पुष्कळदा एपिड्युरलच्या पलीकडे जाणवतं. उलट चांगलं लागलेलं एपिड्युरल अचानक पुरेनासं झालं, सारखा डोस वाढवावा लागतोय, तर तीच एक खूण समजून तपासतात.

८. समजा फाटलीच, तर माझं आणि बाळाचं काय होतं?

लगेच ऑपरेशन, बहुतेकदा पूर्ण भूल देऊन, बाळ बाहेर, मग पिशवी शिवतात. बऱ्याच जणींची शिवता येते, पण १०० फाटलेल्या केसेसमध्ये १४ ते ३३ वेळा पिशवी काढावी लागल्याचं अमेरिकेच्या २०१० च्या तज्ज्ञ समितीने नोंदवलंय. सगळ्या आठवड्यांची बाळं मिळून फाटलेल्या केसेसमध्ये ६ टक्क्यांच्या आसपास दगावतात, दिवस भरलेल्या बाळांत ३ टक्क्यांपेक्षा कमी. म्हणजे २०० मध्ये एकीची फाटते आणि अशा फाटलेल्या साधारण १६-१७ जणींमध्ये एक बाळ जातं. गणित केलं तर एकूण ३,००० मध्ये एकाच्या आसपास येतं. छोटा आकडा आहे, पण ज्या घरी ते होतं तिथे तो छोटा नसतो, म्हणून तो लपवूही नये असं मला वाटतं.

हे सगळं ठरतं वेळेवर. १९९३ च्या एका अभ्यासात बाळाचे ठोके खाली गेल्यापासून बाळ बाहेर यायला १८ मिनिटं किंवा जास्त लागली तेव्हा बाळांना गंभीर इजा दिसायला लागली. १८ मिनिटं ही काही गॅरंटी नाही, त्याच्या आतही इजा होऊ शकते, पण त्यावरून कळतं की ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त हे त्याच इमारतीत, त्याच क्षणी तयार असणं का महत्त्वाचं आहे. हॉस्पिटल निवडताना ‘तुम्ही नॉर्मल करता का’ यापेक्षा ‘रात्री तीन वाजता भूल देणारे डॉक्टर इथेच असतात की घरून येतात’ हे विचारा. उत्तर द्यायला कुणी कां-कूं करायला लागलं तर तेच उत्तर समजा.

९. पहिल्या सिझरनंतर किती अंतर हवं?

एका बाळाच्या जन्मापासून दुसऱ्याच्या जन्मापर्यंत १८-१९ महिन्यांपेक्षा कमी असेल तर शक्यता वाढते. एका अभ्यासात १८ महिने किंवा कमी अंतर असलेल्यांत २.२५ टक्के आणि जास्त अंतर असलेल्यांत १ टक्क्याच्या जवळपास. लक्षात घ्या, हे अंतर जन्म ते जन्म आहे, म्हणजे सिझरनंतर साधारण ९-१० महिन्यांच्या आत दिवस गेले तर. अंतर कमी पडलं म्हणजे नॉर्मल बंद असं नाही, पण बाकीच्या गोष्टीही विरोधात असतील (औषधाने कळा, दोन सिझर) तर पारडं सिझरकडे झुकतं.

१०. सोनोग्राफीत टाक्याची जाडी २ मिमी आलीये, फाटेल का?

या आकड्याने बायकांची झोप उडवलीय नुसती. कुठल्या मिलिमीटरखाली धोका यावर एकमत नाही, काही अभ्यासांत २.३ मिमीपेक्षा पातळ असलेल्यांत जास्त फाटल्या म्हणून तो आकडा फिरतो. पण मूत्राशय किती भरलंय, कुणी मोजलं, कुठल्या आठवड्यात मोजलं यावर तोच टाका १.८ पण येतो आणि २.६ पण येतो. पातळ आला म्हणून फाटेलच असं नाही, जाड आला म्हणून फाटणार नाही असंही नाही. फक्त या एका रिपोर्टवर निर्णय घेत असतील तर बाकी गोष्टी कुठे गेल्या असं विचारा.

११. तारीख उलटली, कळा येत नाहीयेत, औषधाने सुरू करता येतील का?

येतील, पण कुठल्या औषधाने हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या २०,०९५ बायकांच्या नोंदी तपासून २००१ मध्ये एक अभ्यास आला. त्यात कळांशिवाय सिझर झालेल्यांत हजारी १.६, आपोआप कळा आलेल्यांत ५.२, प्रोस्टाग्लँडिन (पिशवीचं तोंड मऊ करून कळा आणणारं औषध) न वापरता कळा सुरू केलेल्यांत ७.७ आणि प्रोस्टाग्लँडिन वापरलेल्यांत २४.५ जणींची पिशवी फाटली होती. हा अभ्यास हॉस्पिटलांच्या नोंदींवरून केलेला होता त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणून मिसोप्रोस्टॉलची गोळी, जी प्रोस्टाग्लँडिनचाच एक प्रकार आहे, भरल्या दिवसांत, आधी सिझर झालेल्या बाईला, द्यायची नसते. हे तुम्हालाही माहीत असायला हवं. गोळी दिली तर नाव विचारा, त्यात लाजायचं काय. त्याऐवजी पिशवीच्या तोंडात फोलीचा फुगा (टोकाला फुगवता येणारी नळी) ठेवतात, पाणमोट फोडतात, ऑक्सिटोसिनचं सलाईन जपून देतात. तोंड आधीच मऊ आणि थोडं उघडलेलं असेल तर हे चांगलं जमतं. तोंड घट्ट बंद, कळांचा पत्ता नाही, तर सिझर बरं की औषध बरं हे शांतपणे बोलून ठरवायचं. आणि बाळ-आई ठीक असतील तर ४० आठवडे झाले या एका कारणासाठी नॉर्मलचा नाद सोडायची गरज नसते.

१२. माझी दोन सिझर झालीत, आता काहीच चान्स नाही ना?

आहे, पण सगळे डॉक्टर तयार होत नाहीत. फाटायची शक्यता अभ्यासांप्रमाणे ०.९ ते १.८ टक्के, दोन्ही वेळी काप आडवाच असेल तर. यशाचं प्रमाण एका सिझरनंतरच्या जवळपासच राहतं. तीन किंवा जास्त सिझरनंतरची माहिती इतकी थोडी आहे की त्यावर कुणी छातीठोक बोलत असेल तर सावध राहा.

१३. मला एक नॉर्मल झालंय आणि एक सिझर, फरक पडतो का?

खूप पडतो, तुमच्या बाजूने. सिझरच्या आधी असो की नंतर, एक जरी नॉर्मल झालेलं असेल तर प्रयत्न यशस्वी व्हायची शक्यता ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते, एरवी ती ७०-७५ च्या आसपास असते. आणि सिझरनंतर एकदा नॉर्मल झालं की पुढच्या वेळी फाटायची शक्यता जवळपास निम्मी होते. व्रणाची एक परीक्षा झालेली असते ना.

१४. बाळ मोठं आहे / जुळं आहे / पायाळू आहे

मोठं बाळ, ४ किलोच्या वर असा अंदाज, याने प्रयत्न फसायची शक्यता वाढते, पण सोनोग्राफीचं वजन चुकतं पुष्कळ, नुसत्या अंदाजावर कुणी नकार देऊ नये. जुळ्यांमध्ये आधी एकच सिझर असेल तर प्रयत्न करता येतो. पायाळू बाळ बाहेरून हाताने फिरवणं सिझर झालेल्यांतही करतात.

१५. नॉर्मल अजिबात करायचंच नाही असं कोणाला सांगतात?

क्लासिकल किंवा टी काप, आधी एकदा पिशवी फाटलेली, आणि वार तोंडावर असणं किंवा ज्यात नॉर्मल तसंही जमत नाही अशी कारणं. पिशवीतली गाठ काढायच्या ऑपरेशनमध्ये पिशवीचा आतला भाग उघडला गेला असेल तर तेही याच यादीत धरतात, पण हे पुष्कळ जणी सांगायलाच विसरतात कारण ‘ते सिझर नव्हतं ना’. सांगा.

१६. एकदा फाटली होती, शिवलीये. परत मूल होऊ शकतं?

होऊ शकतं, पण कळा येऊ द्यायच्या नाहीत. साधारण ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान सिझर ठरवतात, फाटण्याची जागा वरच्या भागात असेल तर अजून आधीचाही विचार करतात.

१७. सातव्या महिन्यापासून टाक्याच्या जागी ओढल्यासारखं होतं, फाटतंय का?

बहुतेक वेळा नाही, कातडी आणि आतले चिकटलेले पडदे ताणले जातात त्याचं ते असतं, येतं-जातं, हालचालीवर कमी-जास्त होतं. सतत आणि वाढत जाणारं दुखणं, सोबत रक्त, चक्कर, किंवा बाळाची हालचाल कमी, तर वाट न बघता जायचं. क्लासिकल काप असेल तर साध्या दुखण्यालाही दाखवून यायचं, कारण प्रश्न ४ मध्ये लिहिलंय.

१८. माझ्या सिझरची तारीख ३९ आठवड्यांची ठरलीये, पण त्याआधीच कळा सुरू झाल्या तर?

होतं असं, दहात जवळपास एकीला. कळा नियमित वाटल्या किंवा पाणी गेलं की लगेच निघायचं, घरी थांबून ‘खऱ्या की खोट्या’ ठरवत बसायचं नाही, आणि त्या वेळेपासून खाणं बंद ठेवून फोन करून सांगायचं. काप आडवा असेल तर त्या एक-दोन तासांत काही होण्याची शक्यता अगदी कमी आहे. तिथे पोचल्यावर तोंड ७-८ सेंटीमीटर उघडलेलं निघालं तर डॉक्टर कदाचित परत विचारतील की आता नॉर्मल होऊ द्यायचं का, तेव्हा ऐन कळांमध्ये गोंधळ नको म्हणून याचं उत्तर आधीच ठरवून फाइलवर लिहून ठेवा.